सरकारी घोड्यांचा मोतद्दार

सर्पदंशावरची लस घोड्यांच्या रक्तातून तयार होते, हे शहरातल्या निम्म्या लोकांना ठाऊकही नव्हतं. लसीच्या सरकारी कारखान्यामागे चाळीस घोडे होते. त्यांची निगा राखणाऱ्याला सगळे नुसतं ‘मोतद्दार’ म्हणत. एकतीस वर्षं त्याने तबेला झाडला, खरारा केला. डॉक्टर घोड्याला विषाची बारीकशी मात्रा टोचत, तेव्हा तो घोड्याचं डोकं छातीशी धरून पुटपुटायचा, “झालं हं राजा, झालं.”

बायको म्हणायची, “माझ्या बाळंतपणात एवढं गोड बोलला असतात तर!”

मग कारखान्याचं नाव तोट्यातल्या उद्योगांच्या यादीत आलं. तपासणीला एक अधिकारी बाई आल्या. सगळं फिरून पाहिल्यावर तबेल्यातल्या बाकावर टेकल्या.

“लस बनवायला जेवढा खर्च येतो, त्याच्या पाव किमतीत ती दवाखान्यांना जाते. बाकीचं सरकार भरतं. किती वर्षं भरायचं?”

“बाई, साप चावतो तो अनवाणी माणसाला. तो कुठून भरणार?”

बाईंनी वही उघडली. “तुमचं म्हणणं लिहीन मी. पण निर्णय वर होतो.”

निर्णय झाला. कारखान्याला टाळं लागलं. तरणे घोडे एका खाजगी कंपनीने नेले. आता लस तीच बनवणार आणि सरकार तिच्याकडून विकत घेणार. उरले अकरा म्हातारे घोडे. त्यांना गिऱ्हाईक मिळेना. ‘निकामी, विल्हेवाट लावावी’ असा शेरा असलेला कागद मोतद्दारापुढे सहीला आला. त्याने पेन खाली ठेवलं आणि थेट बाईंचं कार्यालय गाठलं. दोनदा शिपायाने परत पाठवलं. तिसऱ्यांदा बाई स्वतःच दारात आल्या.

“सरकारने त्यांचं रक्त घेतलंय,” तो म्हणाला. “मरेपर्यंत वैरण तरी घालावी.”

बाईंनी फाईल हातोहात फिरवली. वैरण मंजूर झाली आणि मोतद्दाराची नोकरीही तेवढ्यापुरती टिकली.

पुढच्या वर्षी त्याच्या मेहुणीच्या मुलीला वीटभट्टीवर साप चावला. एकोणीस वर्षांची पोर. मोतद्दाराने आणि मेहुणीने तिला जवळच्या दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर हतबल होऊन म्हणाले, “लस संपलीय. कंपनीचा माल तीन आठवडे आलेला नाही.” मोठ्या दवाखान्याच्या वाटेवर, मोतद्दाराच्या मांडीवर डोकं ठेवूनच तिने प्राण सोडला.

त्याने आरडाओरडा केला नाही. दोन दिवस तो तबेल्यात गेला नाही. तिसऱ्या दिवशी मेहुणीला घेऊन तो पुन्हा बाईंसमोर उभा राहिला. बाईंनी चौकशी बसवली. तिथे मोतद्दार एवढंच बोलला, “कारखाना कुणाचा असावा ते तुम्ही ठरवा. बाटली मात्र कपाटात असायलाच हवी, आणि ती ठेवायचं काम सरकारचं.”

कारखाना पुन्हा उघडला नाही. पण तीन महिन्यांचा साठा प्रत्येक दवाखान्यात असलाच पाहिजे, असा हुकूम निघाला.

हुकूम निघाल्यानंतर मोतद्दार मेहुणीला घेऊन त्याच जवळच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी न विचारताच फ्रिज उघडला. त्याने एकेक बाटली उजेडात धरून तारीख वाचली, जागच्या जागी ठेवली आणि दार नीट लागलंय ना, ते हाताने चाचपून पाहिलं. मेहुणी बाहेर पायरीवर बसली होती. तो तिच्याशेजारी जाऊन बसला.

“आहेत?” तिने विचारलं.

“आहेत,” तो म्हणाला.

तिने तोंडाला पदर लावला.