नव्या वर्षाची दोन वचनं

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता माझा नवरा भिवंडीजवळ वडप्याच्या गोदामात काम करताना खाली पडला. अकरा वाजता मला शाळेत फोन आला. मी रिक्षाने दवाखान्यात गेले. मी पोहोचले तेव्हा तो गेला होता. हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

संध्याकाळी त्याच्या वस्तू एका पिशवीतून मिळाल्या. मोबाइल, चष्मा, पेन, रुमाल आणि गळ्यात घालायचं ओळखपत्र. ओळखपत्राच्या प्लास्टिकच्या पाकिटात, फोटोच्या मागे, घडी घातलेली एक चिठ्ठी होती. ती न उघडताच मी ओळखली. पिशवी कपाटात ठेवली, थोड्या वेळाने काढून पलंगाखाली ठेवली, मग पुन्हा कपाटात. घर माणसांनी भरलेलं होतं आणि मी एक पिशवी घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. लोकांना वाटलं, दुःखाने असं होतं.

चिठ्ठीविषयी आधी सांगायला हवं. आमची चर्चची मंडळी लहान आहे, चाळीसेक घरांची. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी, उपासना संपत आली की पाळकसाहेब बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा पुढच्या मेजावर ठेवतात. डब्यात शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, वचनं लिहिलेल्या चिठ्ठ्या असतात. एकेकाने पुढे जायचं, डोळे मिटून प्रार्थना करायची आणि एक चिठ्ठी उचलायची. ते त्या माणसाचं त्या वर्षाचं वचन. घरातलं कोणी येऊ शकलं नसेल तर त्याला मनात धरून त्याच्यासाठीही उचलता येते. उचललेली चिठ्ठी मात्र परत टाकायची नाही. लहानपणापासून मी हे करत आले. पुस्तकांत वाढलेली, शाळेच्या ग्रंथालयात पंचवीस वर्षं काढलेली बाई मी, पण एक जानेवारीला त्या डब्यापुढे उभी राहिले की माझे हात गार पडत.

त्या वर्षी त्याला सुट्टी मिळाली नाही. मी आधी त्याच्यासाठी उचलली, ती उजव्या मुठीत धरली. मग माझ्यासाठी, ती डाव्या. बाकावर येऊन बसले आणि उजवी मूठ उघडली. तू पाण्यातून जाशील, अग्नीतून चालशील, तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन, अशा अर्थाचं वचन होतं. भिवंडीत राहणाऱ्या माणसाला अग्नी हा शब्द नुसता शास्त्रातला म्हणून वाचता येत नाही. एखाद्या गोदामाला आग लागली की आमच्या गच्चीवरून धूर दिसतो आणि गल्लीतल्या बायका आपापल्या माणसांना फोन लावत सुटतात. त्याच्या गोदामात छतापर्यंत पुठ्ठ्याचे खोके आणि प्लास्टिक होतं. मी डावी मूठ उघडली. तिथे दीर्घायुष्याचं वचन होतं.

मी इकडेतिकडे पाहिलं. शेवटचं गीत चाललं होतं, सगळे उभे होते. मी पर्स उघडली आणि चिठ्ठ्यांची अदलाबदल केली.

संध्याकाळी तो घरी आला, बूट काढता काढता म्हणाला, "काय दिलं मला देवाने?"

"दीर्घायुष्य."

"अरे वा. म्हणजे तुझ्या हातची दुधीची भाजी अजून चाळीस वर्षं?"

"नको असेल तर राहू दे."

"राहू दे कसं? परत करता येत नाही, नियम आहे. आणि तुला काय?"

"असंच. सोबतीचं काहीतरी."

"मग त्यात देवाने नवीन काय दिलं? मी आहेच की."

चिठ्ठी त्याने ओळखपत्रामागे सरकवली. अडीच महिन्यांनी ती मला परत मिळाली.

दफनाच्या दिवशी आणि नंतरच्या आठवड्यात लोक येत राहिले. प्रार्थना करत, गीतं म्हणत, प्रभूची योजना आपल्याला कळत नाही म्हणत. मी मान हलवत होते. मंडळीतली एक बाई माझा हात हातात घेऊन बसली होती. तिने सहज विचारलं, "यंदा त्यांचं वचन काय निघालं होतं गं?"

"आठवत नाही," मी म्हणाले.

नवऱ्याशी बोलले होते, त्यानंतर देवाच्या वचनाबद्दल खोटं बोलण्याची माझी ही दुसरी वेळ. तेही खुर्च्या मांडलेल्या, मधोमध शास्त्र उघडून ठेवलेलं, अशा खोलीत.

शेजारच्या भाभी मात्र काही विचारायच्या नाहीत. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माग आहेत, खालच्या मजल्यावर आजही खडखड चालू असते. रोज दुपारी ताटली झाकून आणायच्या. एकदा मी ताटली तशीच परत केली, तर दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "जेवा आधी. उपाशीपोटी वरच्याशी भांडता येत नाय. मी करून बघितलंय." त्यांचा धाकटा भाऊ तरुणपणी गेला होता. मी त्यांच्या देखत चार घास खाल्ले.

भांडत होते मी, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. बाहेरून मी शांतच होते. शाळेत जात होते, पुस्तकं देत होते, घेत होते. पण एका जागी बसवत नव्हतं. ग्रंथालयातलं इतिहासाचं कपाट मी एका महिन्यात तीनदा नव्याने लावलं. घरी पुस्तक हातात घ्यायची, अर्धं पान वाचून उठायची, गॅसपाशी जायची, गॅस बंद असायचा, परत यायची. रविवारी पाळकसाहेबांनी "प्रार्थना करूया" म्हटलं की सगळ्यांची डोकी खाली जायची आणि मी डोळे उघडे ठेवून पंख्याकडे बघत राहायची. मनात तोच हिशेब फिरत असे. ती चिठ्ठी खरोखर देवाची होती, तर मी माझ्या नवऱ्याची सोबत काढून घेतली. तो त्या गोदामाच्या फरशीवर पडला तेव्हा त्याच्याबरोबर कोणी असायला हवं होतं, तसा शब्द दिलेला होता, आणि तो शब्द माझ्या पर्समध्ये होता. आणि ती देवाची नव्हती, तर लहानपणापासून आम्ही सगळे डब्याभोवती खेळच खेळत आलो. मग बाकीचं सगळं? दफनाच्या वेळी सांगितलेलं पुनरुत्थान? तेही कोणीतरी घडी घालून ठेवलेलं? या दोन्हींच्या मागे आणखी एक विचार दबा धरून बसलेला असायचा. दीर्घायुष्य माझ्या नावाने निघालं होतं. म्हणजे मी जगणार होते, पुष्कळ, आणि एकटी.

मुलगी पुण्याला नोकरी करते. ती फोनवर विचारायची, "आई, प्रार्थना करतेस ना?" मी हो म्हणायची. हे तिसरं खोटं, आणि हे रोजचं.

नोव्हेंबरच्या शेवटी पाळकसाहेब उपासनेनंतर माझ्याकडे आले. "ताई, एक काम आहे. आमच्या नर्सबाईंना आता दिसत नाही नीट. चिठ्ठ्या लिहायला हात हवाय. तुमचं अक्षर चांगलं आहे."

नर्सबाई म्हणजे मंडळीतल्या सगळ्यात वयस्कर बाई. सरकारी दवाखान्यातून कधीच निवृत्त झालेल्या, आता खारबावला राहायच्या. चिठ्ठ्या त्या लिहितात हे मला माहीत होतं. तरी मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि हो म्हणून बसले. का, ते आजही सांगता येत नाही. जखमेची खपली काढायला बोट जातं, तसं असेल.

शनिवारी दुपारी शेअर रिक्षाने गेले. त्या ओटीवर चटई टाकून बसल्या होत्या. समोर कात्रीने कापलेले कागद, पेन, तो पत्र्याचा डबा. मी बसले, दोन चिठ्ठ्या लिहिल्या, पाणी प्यायला उठले. परत बसले, पंख्याचं बटण बघायला उठले.

"तुझ्या पायात काय भिंगरी हाय?" त्या म्हणाल्या. इतकी वर्षं या गावात काढून त्यांची भाषा इथलीच झाली होती. "बस एका जागी. मी सांगते तसं लिही."

त्या तोंडपाठ सांगत होत्या, मी लिहीत होते. दीर्घायुष्याचं वचन चौथ्यांदा की पाचव्यांदा आलं. माझं पेन थांबलं.

"लिही की. हे आठ-दहा तरी लागतात."

"एकच वचन दहा वेळा?"

"मग? लोकांना आवडतं ते. पाळकांनीच सांगितलंय, चांगली चांगली जास्त टाका, वर्षाची सुरुवात हाय. शापाची, न्यायाची मी कधीच टाकली न्हाय. कोणाच्या म्हातारीला अशी निघाली तर ती वर्षभर झोपायची न्हाय."

मी पेन खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. उजवी मूठ, डावी मूठ, पर्स, ओळखपत्र. त्यांच्याकडे न बघता, चटईकडे बघत. सांगून झालं. वर पाहिलं तर त्यांनी पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या.

मला इतका राग आला की मी चप्पल शोधू लागले.

"थांब गं, थांब. तुला न्हाय हसत," त्या म्हणाल्या. "उपासना झाली की हा डबा मीच घरी आणते. तळाशी काय उरतं माहितेय? ते पाण्याचं न्‌ अग्नीचं. दरवर्षी. उघडून बघितलेलं न्‌ परत घडी घालून टाकलेलं. कागदाला दोनदा घडी पडली की कळतं मला, बोटांना कळतं. अख्खी मंडळी चोर हाय. तू एकटीच अशी, जिने ते परत टाकलं न्हाय. स्वतःकडं ठेवलं."

मी उभीच होते. "मग देव त्यात कुठे होता?"

"मला काय विचारतेस? मी कागद कापते."

"तुम्ही तीस वर्षं लिहिताय."

"म्हणून तर सांगते. माझा मुलगा गेला त्या वर्षी मला आनंदाचं निघालं होतं. मीच लिहिलेलं, माझ्याच अक्षरात. मी तो कागद चुलीत घातला. आणि पुढच्या डिसेंबरला परत लिहायला बसले." त्यांनी डबा चाचपून आपल्याकडे ओढला. "चांगलं ते नवऱ्याला दिलंस, भीतीचं स्वतःला घेतलंस. याच्यावरून देव तुला धरेल, असला देव तू कुठल्या पुस्तकात वाचलास?"

त्या दिवशी मला हलकं वाटलं, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं वाटलं नाही. परतीच्या रिक्षात माझा राग उलट वाढला. इतके महिने मी स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं. आता त्या पिंजऱ्यात कोणी उरलं नव्हतं, आणि नवरा मात्र तसाच गेलेला होता. माझी चूक होती तोवर निदान त्याच्या मरणाला एक कारण होतं.

पण त्या रिक्षात, शेजारच्या बाईची पिशवी माझ्या मांडीवर आणि समोर गोदामांची पत्र्याची छपरं मागे जाताना, मी तोंडातल्या तोंडात म्हणाले, "का नेलंस?" आणि मग लक्षात आलं की मार्चपासून मी देवाबद्दल विचार करत होते. देवाशी बोलले नव्हते. भाभींना वाटलं तसं भांडणही केलं नव्हतं. ते आता सुरू झालं. पडघ्याकडे जाणाऱ्या ट्रकांमुळे रिक्षा अर्धा तास अडकली आणि तो अर्धा तास मी भांडले. शेजारच्या बाईने एकदा विचारलं, "दीदी, मुझसे कुछ बोला?" मी नाही म्हणून मान हलवली.

पुढचे दोन शनिवार मी खारबावला गेले आणि चिठ्ठ्या पुऱ्या केल्या. पाण्या-अग्नीचं वचनही लिहिलं, नर्सबाईंनी सांगितलं त्यापेक्षा दोन जास्त.

वर्ष झालं तेव्हा घरी स्मरणाची प्रार्थना ठेवली. आमच्यात अशा वेळी घरच्या माणसाने उठून साक्ष द्यायची असते, देवाने कसं सांभाळलं ते सांगायचं असतं. पाळकसाहेब म्हणाले, "ताई, दोन शब्द." मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला फोनवर दिलेले सगळे होकार मला आठवले.

मी उठले. म्हणाले, "मी त्याच्यासाठी उचललेलं वचन बदललं होतं. विचारलं तेव्हा खोटं बोलले. आठ महिने प्रार्थना केली नाही, आणि मुलीला करते म्हणून सांगितलं. देवाने मला सांभाळलं का, ते मला अजून दिसलेलं नाही. दिसलं की सांगेन. माझ्यासाठी प्रार्थना करा."

कोणी आमेन म्हटलं नाही. पाळकसाहेबांनी घसा साफ केला आणि पुस्तकाची पानं उलटू लागले. मागच्या रांगेतून एक वयस्कर गृहस्थ पुटपुटले, "हे बरं झालं." त्यांच्या बायकोने त्यांना कोपराने ढोसलं. मुलगी उठून माझ्याजवळ आली आणि उभी राहिली. मग नर्सबाईंनी, थरथरत्या, बेसूर आवाजात, स्वतःच एक गीत धरलं आणि लोक त्यात सामील झाले. मला दुसऱ्या कडव्यापासून म्हणता आलं.

आता शाळेची नोकरी आहे, दोन खोल्या आहेत, मुलगी सुट्टीला येते. तो का गेला, ते मला माहीत नाही. सकाळी निघण्यापूर्वी मी प्रार्थना करते. ती लहान असते आणि बहुतेक वेळा उभ्यानेच होते.