गोटमारीच्या दिवशी तो सौंसरला असायचा

मोरू गेल्याचा फोन दुपारी आला. फोन सुनंदाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा. "ताई, गेले हे. झोपेतच गेले," एवढंच ती बोलली आणि मागून माझ्या मामीचा हंबरडा ऐकू आला. मोरू माझा मामेभाऊ. सौंसरहून पांढुर्ण्याला जाताना मी बसमध्ये डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. निम्मी बस माझ्या हाताखालून शिकून गेलेली, कोणीतरी "बाई, काय झालं?" विचारलं असतं आणि मला ते नको होतं. घरी पोचले, त्याच्या कपाळावर हात ठेवला... आणि मग मात्र मला कोणी आवरू शकलं नाही.

राख सावडली त्याच संध्याकाळी दुसरा फोन आला. तो त्याच्या शेवटच्या फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकांचा. त्यांचं नाव मी लिहीत नाही. संपादकांनीही नको म्हटलंय आणि मलाही ते छापून त्यांची हौस भागवायची नाही. आता त्यांची नागपूरला स्वतःची अकादमी आहे. ते सुनंदाला म्हणाले, "मोरेश्वरच्या नावानं स्पर्धा सुरू करतोय. हॉलमध्ये काचेचं कपाट करू, त्याची जर्सी त्यात ठेवू. आणि वहिनी, जाम नदीतला एक गोटाही पाठवा. जर्सीच्या शेजारी शोभेल. गोटमारीचा वाघ होता तो!" सुनंदाला बिचारीला बरं वाटलं. नवऱ्याची कोणाला तरी आठवण आहे म्हणून ती जर्सीला इस्त्री करायला बसली. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवर उभे राहतात आणि नदीत रोवलेल्या पळसाच्या झाडावरच्या झेंड्यासाठी एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. ही आमची गोटमार. डोकी फुटतात, हात मोडतात, तरी दर वर्षी होते. मोरूबद्दल पेपरांत जे जे छापून आलं, त्यात ही गोटमार हमखास असायची. 'दगडांच्या गावचा न भिणारा बचावपटू.' कोलकात्यात, गोव्यात, केरळात, पंजाबात, जिथे जिथे तो खेळला तिथे तिथे हे वाक्य त्याच्या आधी जाऊन पोचायचं.

आता खरं ऐका. मोरूनं जन्मात गोटमारीत एक दगड उचलला नाही.

मामाचा डोळा गोटमारीत गेला होता. गेला तरी मामा सुधारले नाहीत, उरलेल्या डोळ्यानं नेम धरायला दर वर्षी नदीवर हजर! मामीनं नवऱ्यापुढे हात टेकले, पण पोराच्या बाबतीत नाही. पोळ्याच्या संध्याकाळी बैलांची पूजा आटोपली की ती मोरूचा हात धरून बसस्टँडवर जायची आणि त्याला सौंसरच्या बसमध्ये बसवायची. कंडक्टरला सांगायची, "याले आत्याच्या घरीच उतरवजा भाऊ, मधात नाई." आत्या म्हणजे माझी आई. दुसऱ्या दिवशी तिकडे त्याच्या वयाची पोरं गोटे वेचत असायची आणि इकडे आमच्या गल्लीत तान्हा पोळा असायचा. लाकडाचा नंदी, त्याला चाकं, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. मोरू तो दोरीनं ओढत घरोघर जायचा, बोजारा म्हणून हातावर मिळेल तो खाऊ खायचा आणि धाप लागेपर्यंत हसायचा.

दुपारी आम्ही मोहगावकडच्या आमच्या संत्र्याच्या वाडीत जायचो. त्या दिवसांत हिरवी संत्री गळून झाडांखाली पडलेली असतात. दोन झाडांमधला गोल माझा, आणि तो लाथेनं संत्री मारायचा. मग उलटं, मी मारायचे आणि तो अडवायचा. मारण्यापेक्षा त्याला अडवणंच आवडायचं. मी पाय मागे नेला की तो आधीच तिथे जाऊन उभा. मी चिडायचे. "तुले कसं समजते रे?" तर म्हणाला, "ताई, मले लागाची भीती वाटते ना, म्हणून मी पयलेच पाहून ठेवतो."

त्याचा सगळा खेळ या एका वाक्यात होता. पुढे लोक त्याला धाडसी म्हणायचे, मला हसू यायचं. तो अंगावर धावून जाणारा बचावपटू नव्हताच. तो घाबरट होता, देवाशप्पथ घाबरट. चेंडू कुठून येणार, कोणाचा कोपर लागणार, कोण पाय घालणार, हे सगळं तो आधी बघायचा आणि टक्कर व्हायच्या आत चेंडू घेऊन बाजूला झालेला असायचा. इतकी वर्षं खेळून त्याच्या नडगीवर नाव घ्यावं असा व्रण नव्हता. हे मी सामने बघून सांगते आहे, ऐकून नाही.

मग गोटमारीचं लचांड आलं कुठून? तर कोलकात्यातून. पहिल्या चाचणीला हा किडकिडीत पोरगा बघून कोणीतरी विचारलं, कुठला तू? म्हणाला, पांढुर्णा. "वो पत्थरवाला?" यानं मान हलवली. बस्स. दुसऱ्या दिवसापासून हा गोटमार. त्यानं मला फोन केला होता. आधी पोटभर हसला आणि मग हळूच म्हणाला, "ताई, मले इथं सगळे गोटमारच म्हणून राहिले. तू कोणाले सांगू नको, बरं का. टीममधी घेऊन राहिले ना मले..." मी कशाला सांगते? परक्या मुलखात पोराला त्या नावाचा आधार होत असेल तर होऊ दे, असं मला वाटलं. गावात जे ओळखत होते तेही गप्प बसले. आमच्या भागाला अभिमानच वाटला.

सगळीकडे खेळून उतरत्या वयात तो परत इकडच्या एका संघात आला. मामा तोवर गेले होते आणि त्याला मामीच्या जवळ राहायचं होतं. त्याचा शेवटचा सामना नागपूरला होता, स्पर्धेचा अंतिम. मामीला घेऊन मी गेले होते. कोपऱ्यातून चेंडू आला, मोरू उडाला आणि समोरच्या खेळाडूचं डोकं त्याच्या कानशिलावर आदळलं. तो पडला. उठला तेव्हा त्याचं तोंड भलतीकडेच होतं. त्याला कडेला आणलं, आम्ही दोघी जाळीपाशी धावलो. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "ताई, झाला काय पोळा?"

 मी ओरडले, "सर, त्याला बाहेर बसवा! तो शुद्धीत नाही!" सर, म्हणजे तेच प्रशिक्षक, त्याच्या डोक्यावर बाटलीतलं पाणी ओतत होते. हसून म्हणाले, "ताई, गोटमारीचा पोरगा आहे तो. त्याच्या डोक्याला काय होतंय?" तेव्हा मी मोरूला दिलेला शब्द मोडला. जाळीला तोंड लावून मी किंचाळले, "तो कधीच गोटमारीत गेला नाही हो! आयुष्यात नाही! तो सौंसरला असायचा!" त्यांनी ऐकलं. माझ्याकडे वळून नीट बघितलंसुद्धा. आणि मोरूच्या पाठीवर थाप मारून त्याला आत ढकललं. थोड्याच वेळानं पुन्हा तसाच उंच चेंडू आला, त्यानं डोकं लावलं आणि तो खाली कोसळला. या वेळी उठला नाही.

त्या पडण्यातून जगला, पण मोरू म्हणून नाही जगला. डॉक्टर म्हणाले, पहिल्या मारावर दुसरा मार बसला. आधी डोकं दुखायचं, मग रस्ते विसरला, मग सुनंदाला "तुम्ही कोणाकडच्या?" विचारायला लागला. सर एकदाही आले नाहीत. कोणी विचारलं की सांगायचे, "तो स्वतःच म्हणाला, सर, मला खेळू द्या. गोटमारीचा गडी, ऐकतो थोडाच!"

गेल्या आठवड्यात पांढुर्ण्यात शोकसभा झाली. सर हार घेऊन आले. भाषणात तेच... जाम नदी, दगड, वाघ, 'मी अडवत होतो पण तो ऐकेना'. रुमालानं डोळेही पुसले. मग मी उठले. पिशवीतून मोरूचा लाकडी नंदी काढला आणि टेबलावर त्यांच्यासमोर ठेवला. एक शिंग तुटलेलं, बेगड उडालेली. म्हटलं, "तुम्ही गोटा मागितला होता, सर. त्याच्याकडे गोटा नव्हताच. गोटमारीच्या दिवशी तो हे ओढायचा. मी तुम्हाला जाळीतून हे ओरडून सांगितलं होतं, आठवतं?"

"ताई, इतक्या वर्षांपूर्वीचं..." ते घुटमळले.

तेवढ्यात मागून एक माणूस उभा राहिला. प्रवीण, त्या सामन्यातला राखीव खेळाडू. म्हणाला, "मले आठवते सर. मी मोरूभाऊच्या जागी जाले बूट बांधून उभा होतो. ताई ओरडून राहिल्या होत्या. तुमी मले म्हटलं, बस खाली."

 पहिल्या रांगेत बसलेली मामी बोलली, कोणाकडे न बघता. "मी याच्यासाठी त्याले बसमधी बसवत होती का..."

सर मोबाईल कानाला लावून बाहेर गेले ते परत आलेच नाहीत. मोबाईल वाजलेला कोणी ऐकला नव्हता. सुनंदानं सरांना द्यायला आणलेली इस्त्रीची जर्सी पदराखाली घेतली आणि घरी नेऊन ठेवली.

नंतर दोघातिघांनी मला बाजूला घेऊन समजावलं, मेलेल्या माणसाच्या सभेत असं करू नये, गेलं ते गेलं, माफ करून टाका. मला माफ करायचं नाही. मी आयुष्यभर पोरांना क्षमा हा थोर गुण असल्याचं शिकवलं आणि त्यावर निबंधही लिहून घेतले. आता निवृत्त झाले आहे. त्या माणसानं माझ्या भावाचं डोकं फोडलं आणि वर त्याच्याच गावाच्या दगडांवर खापर फोडलं. त्यांची झोप उडावी, त्यांच्या अकादमीत पोर घालताना बापानं दोनदा विचार करावा, एवढ्यासाठीच मी हे लिहिते आहे. मोरू, तू 'कोणाले सांगू नको' म्हणाला होतास. सांगितलं बाबा सगळ्यांना. रागावायचं तर माझ्यावर रागाव.

ती स्पर्धा रद्द झालेली नाही. उद्घाटन गोटमारीच्याच दिवशी ठेवलंय, म्हणे त्या दिवसाला अर्थ आहे. आहेच. नंदी सध्या माझ्या टेबलावर आहे. त्याच्या चाकांना मी तेल घातलं, नवी दोरी बांधली, तुटलेलं शिंग तसंच ठेवलं. पोळ्याच्या संध्याकाळी मामी पूर्वी मोरूला बसवायची त्याच बसने स्वतः सौंसरला येणार आहे आणि सकाळी आम्ही दोघी नागपूरला निघणार आहोत. अकादमीच्या फाटकापासून त्या हॉलपर्यंत, सगळ्या पाहुण्यांच्या मधून, दोरी मामी ओढणार आहे.

कपाटात जागा ठेवा, सर.