कान दाव, नाव सांगतो

“मासा म्हणू नको बे! दूध पाजती ती, दूध!”

उमापुरातल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात मामा ओरडत होते. हा आवाज गेवराईच्या स्टँडवर पोहोचला आणि उभी एसटी दचकून पाच मिनिटं आधी सुटली, असं मी सांगतो. गेवराईकर नाही म्हणतात. पण वेळेआधी सुटलेली एसटी त्यांनी कधी पाहिलीय!

मामा म्हणजे अख्ख्या गावाचे मामा. दारात शंभर शेरडं, आणि डोक्याला एवढा पटका की त्यात दोन करडं निवांत झोपावीत. बाजारात पाच गावांची शेरडं मिसळली की लोक ह्यांना शोधत यायचे. “कान दाव, नाव सांगतो,” म्हणायचे. कानाला खुणेसाठी घेतलेल्या कापावरून शेरडी कुणाची, तिची आई कोण, आजीनं कुणाच्या हरभऱ्यात शिरून मार खाल्ला होता, सगळं सांगायचे. माणसाशी बोलतानाही ते तोंडाआधी कानच बघतात, असा मला संशय होता.

त्यांची भाची कोकणात, समुद्रातल्या डॉल्फिनची पाहणी करायच्या कामावर लागली. पाठीवरच्या पंखाच्या कडेला खाचा असतात, प्रत्येकीच्या वेगळ्या, त्यावरून ओळख पटते, असं तिनं फोनवर सांगितलं.

“मंग पाठीवर कान हाय म्हण की,” मामा म्हणाले.

झालं! ती फोटो पाठवायची, मी कागदावर काढायचो, आणि गोदावरीपेक्षा मोठं पाणी न पाहिलेले मामा माझ्या बाकड्यावर बसून डॉल्फिन ओळखायचे. ओळख पटली की नाव ठेवायचे आणि कागद मामींना दाखवायला घरी न्यायचे.

त्यातली कातरी त्यांची लाडकी. तिच्या अंगाशी पिल्लू होतं. ते पितंय तोवर खाडीच्या तोंडाशी जाळी टाकणार नाही, असा शब्द भाचीनं कोळ्यांकडून घेतला होता.

आणि त्या दिवशी किनाऱ्याला मेलेली डॉल्फिन लागली. अंगावर जाळ्याचे वळ, पंखाला दोन खाचा. कातरीच, असं सगळे म्हणाले. कातरीच मेली तर शब्द कुणासाठी पाळायचा, असं कोळी विचारू लागले. भाची फोनवर रडत होती. “एका माशासाठी एवढं?” असं मी बोलून गेलो, त्यावर ती आरोळी.

कातरीचा जुना फोटो उजव्या अंगाचा, मेलेलीचा नवा डाव्या अंगाचा. मामांनी माझ्याकडून दोन्ही एका मापात काढून घेतले. नवा कागद पालथा करून जुन्यावर ठेवला आणि दारातल्या उन्हाला धरला. वरची खाच बसली. खालची बोटभर चुकली.

“ही दुसरीच,” ते म्हणाले. मग पटका सारखा करत हळूच, “ही बी कुणाची तरी आसंल.”

त्या बोलण्यावर भाचीनं कोळ्यांकडून पंधरा दिवस मागून घेतले. तेवढ्यात कातरी दिसली नाही, तर जाळी पडणार.

मामा रोज सकाळी दारात. “आली का?”

“नाही मामा.”

“यील. पाजती हाय, लई लांब न्हाई जायची.”

दहाव्या दिवशी मामा आले नाहीत. पहाटे छातीत कळ आली, दवाखान्याच्या वाटेवरच गेले. त्या दिवशी शंभर शेरडांनी एकदम हंबरडा फोडला, असं मी लोकांना सांगतो. खरं तर एकही ओरडलं नाही. सगळी दाराकडे तोंड करून उभी होती.

चौदाव्या दिवशी फोटो आला. मी मिळेल तेवढ्या मोठ्या कागदावर काढला आणि पळत सुटलो. मामी अंगणात करडाला पाला भरवत होत्या.

“मामी, कातरी सापडली! खाडीतच हाय! जाळी पडत न्हाईत आता! सगळ्या कोकणात मामांचं नाव झालं!”

मामींनी हात पदराला पुसले. कागद घेतला, पालथा केला, उन्हाला धरला. बराच वेळ.

“तीच हाय,” त्या म्हणाल्या. “पिल्लू बी अंगानं भरलंय.”