आधी विचार, मग हात लाव

आमच्या बॅचच्या बायका चहाला जमल्या की किस्से संपत नाहीत. निघायचं म्हणून पर्स खांद्याला लावली की कुणीतरी म्हणतं, "अगं, कालचा सांगितला का?" आणि पर्स परत खाली! वॉर्डात दिवसभर माणसांत वावरलं की किस्से साचतातच. धुण्याला टाकायच्या चादरींसारखे, एक उचलली की खाली दुसरी असतेच.

कोर्स आमचा रुग्णसेवेचा. चार दिवस हॉस्पिटलात ड्युटी, दोन दिवस भिवंडीत क्लास. म्हातारी, आजारी, अंथरुणाला खिळलेली माणसं. त्यांना उठवायचं, पुसायचं, भरवायचं, पॉट द्यायचा. माझे मोठे दीर, आम्ही त्यांना दादा म्हणतो, त्यांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, "गू-मुताचं कॉलेज!"

खारबावला आमची शेती, पूर्णेला गोडाऊन भाड्यानं दिलेलं. अशा घरातल्या सुनेनं लोकांची घाण काढायची? मग घरात ठरलं, म्हणजे दादांनी ठरवलं, की त्यांच्या मुलीच्या हळदीपर्यंत कॉलेज, हळद झाली की बंद! कोर्स संपायला त्यापुढेही काही महिने लागणार होते आणि अर्धवट सोडला तर हातात काहीच पडणार नव्हतं. नवरा भावासमोर कधी बोलला नाही, तेव्हाही बोलला नाही. मी भांडले नाही, पण मानही डोलावली नाही.

* * *

आमच्या मॅडम म्हणजे रिटायर झालेल्या सिस्टर. पहिल्या तासाला त्या स्वतःच कॉटवर आडव्या झाल्या आणि मला म्हणाल्या, "सुनीता, मी पेशंट. बसव मला."

मी गेले, काखेत हात घातले आणि भाताचं पोतं उभं करावं तसं त्यांना बसवलं!

मॅडमनी केस सारखे केले. "ताकद आहे. पण मला विचारलंस?"

"काय विचारायचं?"

"हात लावू का, म्हणून. आधी विचारायचं. माणूस नाही म्हणाला तर हात मागे. अंग त्याचं आहे."

आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघायला लागलो. लग्न, मुलं, घर, आमच्यापैकी कुणाला कशासाठी कुणी विचारलं होतं? मागून एकजण पुटपुटली, "मॅडम, हा नियम हॉस्पिटलापुरताच आहे का?"

* * *

आमच्या बॅचमधली शबाना लूमवाल्यांच्या घरातली. जन्मापासून कानाशी लूम खडखडतायत, त्यामुळे हळू बोलणं ही गोष्टच तिला माहीत नाही. पुरुषांच्या वॉर्डात तिची पहिली ड्युटी. एका चाचांपाशी जाऊन तिनं नियमाप्रमाणे विचारलं, "चाचा, चादर बदल दूँ क्या?"

अख्ख्या वॉर्डातून उत्तर आलं, "हाँ!"

दाराजवळचे दोघे तर उठून उभेच राहिले! सिस्टर धावत आल्या, "अगं, जरा हळू!"

शबाना बिचारी गोंधळली. "हळूच तर बोलली मी!"

त्या दिवशी तिनं सगळ्या वॉर्डाच्या चादरी बदलल्या. विचारलं होतं ना!

* * *

मग एक दिवस मॅडमनी आम्हालाच पेशंट केलं. हात हलवायचे नाहीत, दुसरीनं भरवायचं. मला भरवायला शबाना आली. खिचडीचा घास पुढे धरून तिनं विचारलं, "दूँ?" मी तोंड उघडलं. घास गिळून होईपर्यंत ती थांबली, मग म्हणाली, "और दूँ?"

आणि मला रडूच फुटलं. लग्न झाल्यापासून मीच सगळ्यांना वाढत आले. माझं पोट भरलं का, हे कुणी विचारल्याचं आठवेना.

मॅडम म्हणाल्या, "पेशंट रडतेय. आता काय करायचं? सांगा!"

शबानानं माझं नाक पुसलं आणि म्हणाली, "पहले खाना खतम करते हैं!"

* * *

दादांचा पुढचा हुकूम आला, गावात युनिफॉर्म घालून फिरायचं नाही. काही दिवस मी युनिफॉर्म पिशवीतून न्यायचे आणि ड्युटी संपली की परत साडी नेसून घरी यायचे. शबानाला कळलं तेव्हा ती म्हणाली, "मेरा बुरखा ले जा. ऊपर से डाल, कोई नहीं पहचानेगा!"

"बाई," मी म्हटलं, "मग तर कॉलेज हळदीपर्यंतसुद्धा टिकायचं नाही!"

दोघी पोट धरून हसलो. पण घरी जाताना माझं डोकं तापलं. चोरी केली होती का मी? दुसऱ्या दिवशी युनिफॉर्ममध्येच गावात शिरले. कट्ट्यावर पत्ते खेळणाऱ्यांतला एकजण ओरडला, "काय नर्सबाई, सुई टोचनार काय?"

मी थांबले. "सुई नर्स टोचते. मी चड्डी बदलते. कुणाची बदलायचीय?"

पत्ते जागच्या जागी राहिले! माझ्याआधी बातमी घरी पोचली. दादांनी फक्त एवढंच म्हटलं, "हळद होऊ दे."

* * *

घरचा अभ्यास म्हणून मी सासूबाईंना धरलं. त्यांचे गुडघे गेलेत, खुर्चीतून उठायला आधार लागतो. मी नियमाप्रमाणे पुढे झाले, "आई, धरू का?"

"इचारतंस काय? मी काय पावनी हाय?"

पण मी रोज विचारत राहिले. आठवड्याभरानं एके सकाळी त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं आणि म्हणाल्या, "न्हाय."

मी हात मागे घेतले. सासूबाई जरा वेळ वाट बघत बसल्या. खरंच कुणी हात लावत नाही म्हटल्यावर त्यांच्या तोंडावर असं काही हसू आलं!

मग त्यांना नादच लागला. "आई, तेल लावू का?" "न्हाय!" "चहा आणू?" "न्हाय!" मी वळले की मागून आवाज यायचा, "आता परत इचार."

परत विचारायचं. मग त्या ऐटीत म्हणायच्या, "हां, आन."

* * *

हळद दणक्यात झाली. अंगणभर मांडव, डीजे, वळ गावापासून खारबावपर्यंतचे पाहुणे. माझी मैत्रीण म्हणून शबानाही आली होती, मांडवाच्या अगदी मागच्या टोकाला बसली होती. सासूबाई पुढे खुर्चीत, मी त्यांच्या बाजूला उभी.

दादांनी गाणं थांबवलं, माईक हातात घेतला, पाहुण्यांचे आभार मानले आणि हसत हसत म्हणाले, "आन् आमची सुनीता सोमवारपासून घरी. तिचं कॉलेज झालं!"

चार लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या लोकांसमोर बोललं की झालं, हे त्यांना बरोबर माहीत होतं.

"बाळाराम," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "तिला इचारलंस का?"

"आई, तिला काय इचारायचं? चल, तू दमलीस, आत चल." दादा वाकले आणि त्यांनी आईच्या काखेत हात घातला.

"हात काढ! आधी इचार."

दादांनी इकडे तिकडे बघितलं. सगळा मांडव त्यांच्याकडे बघत होता. दुसऱ्या हातातला माईक चालूच होता, त्यामुळे पुढचं सगळं स्पीकरवरून अख्ख्या गावानं ऐकलं.

"आई... धरू का?"

"न्हाय!"

दादा तसेच वाकून उभे. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे झाले आणि विचारलं, "आई, धरू का?"

"धर," सासूबाई म्हणाल्या. माझ्या आधारानं त्या सावकाश उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि दादांच्या हातातल्या माईककडे तोंड करून म्हणाल्या, "सोमवारी ड्युटी कितीची हाय गं तुझी?"

मी तोंड उघडायच्या आत मांडवाच्या मागच्या टोकाकडून, माईकशिवाय आवाज आला, "फर्स्ट शिफ्ट, अम्मा!"