शुक्रवारचं फूल

हलीमाबी मोबाईल कधी पिशवीत टाकत नसत. काठोकाठ भरलेली वाटी न्यावी तसा तो दोन्ही हातांवर धरून त्या आमच्या मागच्या वाडीतून, सुपारीच्या झाडांमधून यायच्या. दिवस शुक्रवार, वेळ दुपारी तीनच्या आसपास. पडवीच्या पायरीशी चपला काढायच्या आणि वर चढायच्या आधीच म्हणायच्या, "बाई, आलं. चश्मा लावा."

आलं म्हणजे फूल आलं. त्यांचा धाकटा मुलगा अझीम सौदीत पाण्याचा टँकर चालवायचा. वाळवंटात रस्त्याचं काम चाललं होतं, तिथल्या कामगारांच्या छावण्यांना पाणी पोचवायचं काम. छावणीत मोबाईलला रेंज नाही. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या शुक्रवारी, तो शहरात थोरल्या भावाकडे, सलीमकडे यायचा आणि तिथून घरी फोन करायचा. फोनवर दरवेळी एकच सांगायचा, मी बरा आहे. हलीमाबींचं त्यावर समाधान होत नसे. "बरा हाय तर सगळीच बोलतात. ताप भरलेला पन बोलतो, बरा हाय. मी त्याला सांगितलं, तू आठवडाभर काय बघितलंस ते दाखव. मग मी ठरवीन तू बरा हाय का नाय."

पोरगा वाळूत काय दाखवणार? त्याने फुलं दाखवायला सुरुवात केली. आठवीत मी त्याला विज्ञान शिकवलं होतं. तेव्हा त्याची वनस्पतींची वही वर्गात सगळ्यांत गचाळ होती, हे मी हलीमाबींना सांगितलं, तेव्हा त्यांना फार आनंद झाला. "बघा, म्हणजे तवापासून नाद हाय!" म्हणाल्या. गचाळ हा शब्द त्यांनी ऐकलाच नाही.

फुलांची नावं मला कुठून येणार? कोकणातलं रान मी ओळखते, वाळवंट नाही. शेवटी त्यांच्या मोबाईलवर फुलं ओळखणारं ॲप मीच टाकून दिलं. त्यांनी आधी त्याची परीक्षा घेतली. दारातली जास्वंद बरोबर आली. मग आमच्या शोकेसमधला प्लास्टिकचा गुलाब पुढे धरला. ॲपने गुलाब म्हणून सांगितलं. "अक्कल बेताचीच हाय," त्यांनी निकाल दिला, "पन नजर बरी हाय. ठेवा."

ॲपमधलं इंग्रजी मी वाचायचं, जमलं तर आपलं नाव सांगायचं, आणि त्यांनी शंभर पानी वहीत उतरवून घ्यायचं: तारीख, नाव, रंग. रुई निघाली तेव्हा त्या हरखून गेल्या. रुई तिथेही? काटे गोखरू निघाला, कडू इंद्रायण निघालं. आपली ओळखीची झाडं पोराच्या सोबतीला आहेत, एवढ्यानेही त्यांना बरं वाटायचं. फेब्रुवारीत एकदा वाळूतून थेट वर आलेलं, एकही पान नसलेलं पिवळ्या फुलांचं कणीस आलं. अझीमने सोबत लिहिलं होतं, हे थंडी सरताना पंधरा-वीस दिवसच दिसतं, मग वाळून वाळूत जातं. हलीमाबींनी तेही वहीत लिहून ठेवलं. फूल आलं म्हणजे तो आठवडा अझीम धडधाकट होता, असा त्यांचा साधा हिशेब होता.

जुलैतल्या एका शुक्रवारी फूल आलं नाही. पुढच्याही आलं नाही. सलीमचा फोन आला, की अझीमला आणखी लांबच्या छावणीवर पाठवलंय, त्याला आता शहरात येता येणार नाही. ऑगस्टमध्ये मात्र सलीमने फोटो पाठवला, अझीमने एका ड्रायव्हरबरोबर दिलाय म्हणून. हलीमाबी नेहमीसारख्या आल्या. मी चष्मा लावला. तेच पान नसलेलं पिवळं कणीस होतं.

मी ॲपमधला मजकूर मनातल्या मनात वाचला. फुलण्याचा काळ हिवाळ्याचा शेवट. मी म्हटलं, "असतं असं कधीकधी. पाऊस मागेपुढे झाला असेल. आणि ॲप चुकतंही, तुम्हीच म्हणता ना?"

त्यांनी वही उघडून फेब्रुवारीचं पान माझ्यापुढे ठेवलं. "बाई, मोबाईल नाय चुकला. तुमी शाळेत पन असंच खोटं बोलायच्या काय?"

मग माझ्यासमोरच त्यांनी सलीमला फोन लावला. सलाम झाला. त्यांनी एकच विचारलं, "सलीम, दफन कुठं केलास?"

 पलीकडे चाळिशीतला तो बाप्या लहान मुलासारखा रडायला लागला. टँकर भर उन्हात बंद पडला होता. अझीम मदत शोधत चालत निघाला होता. तो सापडला तेव्हा संध्याकाळ झाली होती. मातीही तिथेच झाली. कबरीवर नाव नाही, नुसता दगड आहे. आईचं काळीज कमकुवत, म्हणून सलीमने सांगितलं नव्हतं. त्याला सगळी फुलं सारखीच वाटली, आणि अझीमच्या मोबाईलमधलं हाताला लागलं ते त्याने पाठवलं.

हलीमाबींनी पदर तोंडात कोंबला.  मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. मग त्यांनी तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "रुखसारला सातवा चालू हाय."

रुखसार म्हणजे अझीमची बायको; जानेवारीत तो महिनाभर सुट्टीवर येऊन गेला होता. आधी दोनदा तिचं मूल पोटातच गेलं होतं. यावेळी डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का बसता कामा नये. "मोकळी होईपर्यंत तिला कळायचं नाय," हलीमाबी म्हणाल्या. "सलीमनं दर शुक्रवारी फोटो पाठवायचा. आणि बाई, तुमी आता आमच्याकडं यायचं. तिच्यासमोर वाचायचं. तुमच्यावर तिचा इश्वास हाय."

मी हो म्हटलं. मला तेव्हा ते पुण्याचं काम वाटलं होतं.

त्यानंतर हलीमाबी गल्लीत बदनाम झाल्या. सुनेची मेहंदी बंद, अत्तर बंद, सुरमा बंद. हिरव्या बांगड्या हात सुजतील म्हणून काढून ठेवल्या. दवाखाना सोडून उंबरठ्याबाहेर पाऊल नाही. म्हसळ्याला तिच्या सख्ख्या बहिणीचं लग्न होतं. भाऊ गाडी घेऊन न्यायला आला, त्याला त्यांनी दारातूनच परत लावलं. रुखसार दोन दिवस जेवली नाही. बायका उघड बोलायला लागल्या, की बाळंतपणाचं निमित्त आहे, म्हातारीला सुनेचं सुख बघवत नाही.

मलाही राहवलं नाही. त्यांना वाडीत गाठून मी चांगलीच बोलले. "थोडेच दिवस राहिलेत तिच्या सुखाचे, तेवढे तरी जगू द्या तिला. हे काय चालवलंय तुम्ही?"

त्या सुपाऱ्या सोलत होत्या. हात थांबला नाही. "इद्दत चालवलीय," म्हणाल्या.

नवरा वारला की बाईने ठरावीक दिवस साजशृंगार करायचा नाही, घराबाहेर पडायचं नाही. पोटुशी असेल तर बाळंत होईपर्यंत. हे मला ऐकून माहीत होतं. पण जिला आपण विधवा झालोय हेच ठाऊक नाही, तिची इद्दत?

"तिला ठाव नाय, अल्लाला हाय. उद्या तिला कळेल ना बाई, तवा ती दिवस मोजेल. नवरा मातीत होता आणि मी बहिनीच्या लग्नात मेहंदी लावून हसत होते, हे तिला जन्मभर खाईल. मला शिव्या घालते ना? घालू दे. ते बरं."

 मुलगा गेलेली बाई रडूसुद्धा न शकता सुनेच्या पुढच्या दुःखाची तजवीज करत होती. एवढं मोठं मन मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही, आणि त्या मनाची मला भीतीही वाटली.

दर शुक्रवारी मी जात राहिले. सलीम इंटरनेटवरून फोटो पाठवायचा, आता ऋतू बघून. रुखसार चहा ठेवायची, पोटावर हात घेऊन समोर बसायची आणि विचारायची, "बाई, आज काय पाठवलं त्यांनी?" मी चष्मा लावून मोठ्याने नाव वाचायची. हलीमाबी वहीत लिहून घ्यायच्या. त्यांचं अक्षर कधी हललं नाही.

ऑक्टोबरात मुलगी झाली, सुखरूप. आठवडाभराने सलीम आला आणि रुखसारला सगळं कळलं. ती रडेल असं आम्हाला वाटलं होतं. ती रडली नाही. बाळ उचललं आणि सासूला म्हणाली, "मी त्यांच्यासाठी स्वेटर विणत होते, अम्मी. तुम्ही लोकर आणून दिलीत." त्याच संध्याकाळी ती भावाबरोबर म्हसळ्याला निघून गेली. हलीमाबींनी तिला अडवलं नाही. जाताना इद्दतीचं सांगा ना तिला, असं मी खुणावलं, तर त्यांनी नाही म्हणून मान हलवली. नंतर मला म्हणाल्या, "उपकार सांगितले की फिटतात, बाई. तिला आता राग पायजे. रागावर मानूस उभा ऱ्हातो."

त्या पुढे दोन वर्षं जगल्या. नातीला त्यानंतर त्यांनी एकदाच पाहिलं, सलीमने मोबाईलवर दाखवली तेवढीच. ॲप त्यांनी काढून टाकायला लावलं. शुक्रवारी तीन वाजता मात्र त्या आमच्या पडवीत येऊन बसायच्या.

मय्यतीला रुखसार आली. सासूला शेवटची आंघोळ तिनेच घातली. बायका उठून गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं, बांगड्यांचं, लग्नाचं, इद्दतीचं. मला वाटलं, हलीमाबींचं एवढं तरी देणं मी लागते. ती खाली मान घालून ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते ती पुसतही नव्हती. मी तिचा हात धरायला गेले, तर तिने तो हळूच सोडवून घेतला.

"अम्मींना मी माफ केलं, बाई," ती म्हणाली. "त्यांचा मुलगा गेला होता. तुमचं कोण गेलं होतं?"