एकच ताप, दोघींना

“जागी हाय मी,” असं ती डोळे मिटलेलेच ठेवून सांगायची. आवाज इतका शांत, की आपण उगाच विचारलं असं वाटावं. अशी माणसं तुम्हीही कामाच्या ठिकाणी पाहिली असतील. आपण त्यांना कामचुकार म्हणून मोकळे होतो. मीही झाले होते.

पण ते नंतरचं. आधी तिच्या हाताबद्दल सांगायला हवं.

नव्वदच्या सुमारास आम्ही परळहून मीरा रोडला राहायला आलो आणि मला भाईंदरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली. माझ्याकडे रीतसर डिप्लोमा होता. ती जवळच्याच राई गावातली, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. लॅबमध्ये साफसफाईला लागली होती आणि बघून बघून रक्त काढायला शिकली होती. दंडाला रबरी पट्टा बांधायची, कोपराच्या खळगीत दोन बोटं ठेवायची, क्षणभर थांबायची आणि पहिल्याच टोचणीत शीर सापडायची. पोरं रडायला तोंड उघडेपर्यंत काम झालेलं असायचं.

पेशंट दारातूनच विचारायचे, “वो राईवाली बाई है क्या?” माझी खुर्ची रिकामी असली तरी तिच्यासाठी बाकावर बसून राहायचे. मी हसून म्हणायचे, बसा. पण आत जाऊन बाटल्या जरा जोरातच ठेवायचे. माझ्या भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडे कोणी वळूनही बघत नव्हतं. ती मात्र मला मान देऊन ताई म्हणायची, माझ्यासाठी तांदळाची जास्तीची भाकरी आणायची. त्याचाही मला राग यायचा.

एका हिवाळ्यात व्हायरल तापाची साथ आली. मलाही कणकण वाटू लागली. घरी थांबायला हवं होतं. पण मी नसले तर माझे उरलेसुरले पेशंटही तिच्याकडे जातील, या विचाराने तापाची गोळी घेऊन मी कामावर गेले. दोन दिवस आम्ही दोघी एकाच टेबलाशी बसलो, एकाच डब्यातून जेवलो. त्या आठवड्यातच ती तापाने आडवी झाली. मी लवकर बरी झाले. तिचा ताप लांबला, पण तोही उतरला. पंधरवड्याने ती परत आली, तेव्हा बाकावरच्या बायकांचे चेहरे उजळले. माझा उजळला नाही.

दोन-तीन महिन्यांनी तिला झोप येऊ लागली. मायक्रोस्कोपला डोळा लावून झोपायची, पेशंटचं नाव लिहिताना झोपायची, तेव्हा अक्षर ओळीवरून घसरत जायचं. मी ते कागद जपून ठेवले आणि लॅबच्या डॉक्टरांना नेऊन दाखवले. पेशंटच्या जिवाचा प्रश्न आहे, असं मी त्यांना म्हणाले. ते खरंही होतं, पण मी गेले होते ते त्यासाठी नव्हे. डॉक्टरांनी तिच्याकडून सुई काढून घेतली आणि तिला रिपोर्ट देण्याच्या खिडकीत बसवलं.

पेशंट माझ्याकडे आले. हात पुढे करून विचारायचे, “त्या बाई कुठे गेल्या?”

एकदा कोणीतरी गंमत केली आणि ती खळखळून हसली. हसता हसता तिचे गुडघे मोडले, मान लुळी पडली आणि ती खाली बसली. डोळे उघडे होते, सगळं ऐकू येत होतं, पण बोट हलेना. मिनिटभरात सावरली. डॉक्टर गंभीर झाले. हा आळस नाही, म्हणाले आणि मुंबईतल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. तिला एकटीला पाठवता येणार नव्हतं, म्हणून बरोबर मी गेले.

त्या डॉक्टरांनी आजाराचं नाव नार्कोलेप्सी सांगितलं; अवेळी येणारी झोप आणि हसताना अंग लुळं पडणं, दोन्ही त्याचंच. मग विचारलं, झोप सुरू होण्याआधी काही आजार झाला होता का? ती सहज म्हणाली, “ताप आलेला. आदी ताईंना, मंग मना.”

त्यांनी समजावलं, की नक्की कोणालाच माहीत नाही. पण तापाशी लढायला शरीर जी फौज उठवतं, ती कधीकधी चुकून आपल्याच मेंदूवर धावून जात असावी, आणि माणसाला जागं ठेवणारं काहीतरी त्यात नष्ट होत असावं, असा काहींचा कयास आहे. सगळ्यांचं तसं होत नाही. काहींच्या रक्तात जन्मापासूनच तशी खूण असते. मला काही झालं नाही ना, असंही त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले.

बाहेर पायरीवर बसलो तेव्हा मला राहवलं नाही. मी तिला सांगितलं, की अंगात ताप आहे हे माहीत असूनही मी कामावर आले होते.

“मना ठाव होता,” ती म्हणाली. “बाटली देताना तुमचा हात लागला, तापलेला. डाक्टरना बोलली असती तं त्यांनी तुमाला घरी धाडला असता. तुमाला ता नको होता ना?”

मला रडू येत होतं, आणि त्या रडण्यातही जुनी सल होती. चांगुलपणातसुद्धा तीच माझ्या पुढे होती.

गोळ्यांनी थोडा फरक पडला, पण वर्षभरात तिने नोकरी सोडली. मी लॅबमध्ये सीनियर झाले.

त्यानंतर एकदा दुपारी मी राईला तिच्या घरी गेले. दारात तिची सासू कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडत बसली होती. मला पाहून तिने ओठांवर बोट ठेवलं. आतल्या खोलीत ती चटईवर झोपली होती. शेजारच्या बायका कुजबुजत बोलत होत्या, नवरा अनवाणी, पाय न वाजवता, पाण्याची कळशी आत नेत होता. सासू हलक्या आवाजात म्हणाली, बसा, उठंल आता.

माझ्यासाठी कोणी कधी इतकं हळू बोललेलं मला आठवेना. मी आणलेली संत्री उंबऱ्यावर ठेवली आणि ती उठायच्या आत निघाले.