खडीसाखर विरघळेपर्यंत

वर्गात प्रश्न विचारला की बाई पर्समधून स्टीलची छोटी डबी काढायच्या, खडीसाखरेचा एक खडा तोंडात टाकायच्या आणि हाताची घडी घालून उभ्या राहायच्या. खडा विरघळेपर्यंत त्या बोलणार नाहीत, हे अख्ख्या आठवीला ठाऊक होतं. "मला गप्प बसता येत नाही हो, सर," त्या मला म्हणाल्या होत्या. "तोंड रिकामं असलं की उत्तर निसटतं."

आमची शाळा रत्नागिरीतली, मिरकरवाड्याच्या बंदरापासून चालत दहा मिनिटांवर. बाई विज्ञानाच्या, मी गणिताचा, आणि आमचे वर्ग शेजारी शेजारी. तुमच्यापैकी कुणी शिकवलं असेल, तर प्रश्नानंतरची शांतता किती खायला उठते ते वेगळं सांगायला नको. मी तर प्रश्न विचारून, उत्तर देऊन, फळा पुसूनही मोकळा व्हायचो. भिंतीपलीकडे मात्र दोन-दोन मिनिटं काही ऐकूच यायचं नाही, आणि मग एकदम बाजार भरायचा.

कुणी उत्तर दिलं की बाईंचा पुढचा प्रश्न तयार असे, "कशावरून?" उत्तर बरोबर असो नाहीतर चूक. ही सवय शाळेबाहेरही सुटत नसे. रिक्षावाला म्हणाला, "भाट्याच्या किनाऱ्याकडं आज लय गर्दी हाय," की लगेच, "कशावरून?" एकदा सभेत मुख्याध्यापक म्हणाले, "आपली मुलं शाळेत अगदी आनंदात आहेत." बाईंनी पहिल्या रांगेतून विचारलं, "कशावरून?" त्या दिवशी सभा लवकर संपली.

शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची. तिची आई बंदरावरून मासे घेऊन गल्लोगल्ली विकायची. माझ्या तासाला या पोरीचा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता. एक दिवस बाईंच्या तासाला ती म्हणाली, "बाई, आयच्या टोपलीतला बर्फ दुपारपरेंत ऱ्हात नाय. काय करायचं?"

मी नेमका दारावरून चाललो होतो. डोकं आत घालून म्हणालो, "लाकडाचा भुसा घालायचा! त्यात विचार कसला करायचा?"

"कशावरून, सर?" बाई म्हणाल्या. चाळीस पोरं खो खो हसली आणि मी खडू घ्यायच्या निमित्ताने सटकलो.

दुसऱ्या दिवसापासून व्हरांड्यात चार डबे आले. एकात भुसा, एकात भाताचं तूस, एकात नारळाचा काथ्या, एकात तिची आई वापरायची तसं ओलं पोतं. प्रत्येकात बर्फाचा सारखाच तुकडा, पिशवीत बांधून. दर तासाला वितळलेलं पाणी मोजायचं आणि वहीत लिहायचं. पोरांनी हे पुन्हा पुन्हा केलं. दर वेळी तूस पहिलं आलं आणि माझा भुसा दुसरा.

पण धडे मागे पडले. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून सांगितलं, "पुढच्या आठवड्यात तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येतायत. मुलांना धड उत्तरं देता आली नाहीत, तर हे डबे बंद." बाई "बरं" म्हणाल्या. बाहेर आल्यावर त्यांनी डबीतून एकदम दोन खडे काढून तोंडात टाकले. निवृत्तीला तीन महिने राहिले होते त्यांच्या.

साहेब आले, व्हरांड्यातले डबे बघून बाईंच्या वर्गात शिरले; मागोमाग मुख्याध्यापक आणि मी. फिरत फिरत नेमके शेवटच्या बाकाशी थांबले आणि त्या मुलीला विचारलं, "सांग बाळ, बर्फ कशात जास्त टिकला?"

मुलगी गप्प. मुख्याध्यापक माझ्याकडे बघू लागले, मी छताकडे. 'तूस, तूस' माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. बाईंनी खडा तोंडात टाकला आणि डबी माझ्यापुढे धरली. मला मधुमेह आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. मी मुकाट्याने खडा घेतला.

तो जवळजवळ विरघळला, तेव्हा पोरगी बोलली. "टिकला तुसात, साहेब. पन आय ते टोपलीत घालनार नाय. माशाला चिकटतं. गिऱ्हाईक घेनारच नाय."

"म्हणजे प्रयोग फसला की!"

"नाय, साहेब. तूस माशाला लागू नये असं कायतरी करायचं हाय. आमी आता त्येच शोधतोय."

साहेबांनी खुर्ची ओढली. "मग भराल कशात?" झालं, बाजार भरला. साहेबांचा चहा तसाच गार झाला. बाईंचा खडा कधीच संपला होता, तरी त्या बोलल्या नाहीत. मला त्या क्षणी त्यांचा मनापासून हेवा वाटला.

डबे राहिले. पोरांनी जुन्या चादरीच्या दोन थरांत तूस भरून टोपलीएवढी गादी शिवली. पहिली उसवली, आणि त्या मुलीची आई अंगभर तूस घेऊन शाळेत भांडायला आली. दुसरीला वरून प्लॅस्टिक लावलं, ती टिकली. दुपारी एक वाजता मी त्या टोपलीतले बांगडे घेतले, चांगले गार होते.

मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या आणि लेकीकडे नाशिकला गेल्या. जाताना ती डबी माझ्या हातात ठेवली. उघडून बघतो, तर आत लवंगा. "तुम्हाला साखर चालत नाही ना," त्या म्हणाल्या.

आता प्रश्न विचारला की मी लवंग तोंडात टाकतो आणि हाताची घडी घालून उभा राहतो. लवंग कसली तिखट! डोळ्यांत पाणी येतं. परवा पहिल्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, बाईंची आठवण आली ना?"

"कशावरून?" मी विचारलं, आणि दुसरी लवंग तोंडात टाकली.